तात्यासाहेबांचा माणूस

आमच्या गल्लीत काहीही चांगलं झालं, की ते तात्यासाहेबांनी केलेलं असायचं. नळ आला, तो तात्यासाहेबांनी आणला. विठाबाईंचं हरवलेलं रेशनकार्ड दुसरं मिळालं, ते तात्यासाहेबांमुळे. कोपऱ्यावरचा दिवा लागला, तोही त्यांच्याच कृपेनं. एका वर्षी मे महिन्यात ऊन जरा कमी तापलं, तेव्हा आता हेही तात्यासाहेबांच्या नावावर जातं की काय, अशी मला धास्ती पडली होती.

हे सगळं सांगणारा माणूस मात्र एकच. जनार्दन उमाठे, म्हणजे गल्लीचे जनूभाऊ.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट नागपुरात, इतवारीत येऊन पडले, तेव्हा जनूभाऊ पंचेचाळिशीला आलेले होते. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. भांड्यांच्या ओळीत एका मोठ्या दुकानात ते गिऱ्हाइकांना भांडी दाखवायचे. ठेंगणा बांधा, काळी टोपी, कानावर पेन्सिल आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत लोकांचे अर्ज. आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम वाकवलेलं, कारण त्या बोटाच्या पेरानं ते जगाची परीक्षा घ्यायचे.

मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात पितळेचं पातेलं घ्यायला गेले. मला एक छान चकचकीत पातेलं आवडलं. जनूभाऊंनी त्याच्यावर टक् करून बोट मारलं, कान लावला आणि मालक चार हातांवर बसलेला असताना मला म्हणाले, "हे नका घेऊ वैनी. हे बोलत नाही."

मालकानं कपाळाला हात लावला. पण जनूभाऊंना काढून टाकायची त्याची प्राज्ञा नव्हती, कारण निम्मी इतवारी त्या दुकानात जनूभाऊंच्या बोटासाठीच यायची. हे बोट दुकानाबाहेरही स्वस्थ नसे. कलिंगडावर, दारावर, नव्या भिंतीवर, सगळ्यांवर ते वाजायचं. आमच्या शेजारचा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा जनूभाऊंनी त्याच्या डोक्यावर टक् केलं आणि त्याच्या रडणाऱ्या आईला सांगितलं, "भांडं चांगलं हाय वं. रिकामं हाय, इतकंच."

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास जनूभाऊ आपल्या ओट्यावर बसत. त्या वेळात गल्लीतली, शेजारच्या गल्लीतली आणि कुठकुठली माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन येत. कोणाचा दाखला अडलेला, कोणाच्या घरावर चुकून दुसऱ्याचंच नाव चढलेलं. जनूभाऊ अर्ज लिहून देत, पिशवीत टाकत आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या त्या कचेरीत जाऊन बसत. त्यांची पद्धत साधी होती. भांडायचं नाही, हात जोडायचे नाहीत, फक्त बसायचं. समोरच्या बाकावर बसून बाकावर बोटानं हळूहळू वाजवत राहायचं. टक्. टक्. आठवड्याभरात साहेब लोक काम करून टाकत. ते दयेपोटी करत, की त्या आवाजाला कंटाळून, ते मला माहीत नाही.

आणि काम झालं, की जनूभाऊ गल्लीत येऊन ठासून सांगत, "तात्यासाहेबानं शब्द टाकला, झालं."

तात्यासाहेब म्हणजे आमच्या भागाचे जुने पुढारी. पूर्वीचे वकील, दोनदा आमदार, पुढे एकदा पडलेले. उंच, गोरे, आवाज भारदस्त. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं सगळं लक्ष देशाकडे असायचं आणि आमची गल्ली देशात असली तरी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येत नसे.

माझाच अनुभव सांगते. मी ज्या शाळेत शिकवत होते त्या संस्थेनं एके दिवशी माझी बदली रामटेकच्या शाखेत केली. घरात सहा महिन्यांची मुलगी. मी रडकुंडीला आले. जनूभाऊ आठ दिवस संस्थेच्या कचेरीत जाऊन बसले. नवव्या दिवशी बदली रद्द झाल्याचा कागद माझ्या हातात देत म्हणाले, "तात्यासाहेबाची कृपा."

मी साताऱ्याची. उपकाराची जाणीव ठेवायची, हे आमच्या घरचं वळण. संत्र्याच्या बर्फीचा पुडा घेऊन मी आणि हे तात्यासाहेबांकडे जायला निघालो. जनूभाऊंना कळलं तसे ते आमच्यामागे धावतच आले. "कायले जाता? तेइले वेळ नसते. मी पोचवून देतो बर्फी." आम्ही ऐकलं नाही. तात्यासाहेबांनी आमचं स्वागत केलं, माझं बोलणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कोणती बदली?"

मी जनूभाऊंकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

तात्यासाहेब मुरलेले पुढारी. क्षणात सावरून म्हणाले, "हां हां, झालं ना काम? छान झालं." आणि बर्फी ठेवून घेतली. परतताना जनूभाऊ म्हणाले, "तेइले इतकी कामं असतात वैनी, कोन्तं कोन्तं ध्यानात ठेवतीन?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकी कळकळ होती, की मी गप्प बसले.

नळाच्या वेळी तर कहरच झाला. तो नळ आणायला जनूभाऊ महिनाभर डबा घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसले होते. नळ आला तसा उद्घाटनाचा थाट ठरला. तात्यासाहेबांना ऐनवेळी बैठक निघाली, ते येऊ शकत नव्हते. जनूभाऊंनी त्यांचा मोठा फोटो आणून नळाशेजारी स्टुलावर ठेवला, उदबत्ती लावली आणि भरगच्च हार घातला. हेतू शुद्ध होता. पण कोपऱ्यावरून येणाऱ्याला काय दिसलं, तर हार घातलेला फोटो, उदबत्तीचा धूर आणि भोवती गंभीर चेहऱ्याची माणसं. कापडवाल्यानं ताबडतोब दुकानाचं फाटक ओढलं. त्याचं पाहून किराणावाल्यानं ओढलं. विठाबाईंनी पदर तोंडाला लावून सूर काढला. दुपारपर्यंत अर्धा बाजार बंद झाला आणि तात्यासाहेबांच्या बंगल्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमायला लागली. तात्यासाहेब स्वतः बाहेर येऊन त्यांना म्हणाले, "या, बसा. कोण गेलं?"

त्यांच्या सभा हा जनूभाऊंचा दुसरा प्रांत. तात्यासाहेबांचं भाषण एकच होतं. गेली वीस वर्षं तेच. जनूभाऊंना ते तोंडपाठ असल्यामुळे कुठल्या वाक्याला टाळी वाजवायची, हे तेच ठरवत. ते मध्यावर उभे राहायचे, त्यांची टाळी पडली की गल्लीची पडायची. एका सभेत वयोमानानं तात्यासाहेबांच्या भाषणातलं एक पान गळालं. जनूभाऊंचं लक्ष आपल्या हिशेबावर. तात्यासाहेब गहिवरून म्हणाले, "मी तुरुंगात होतो आणि इकडे माझी आई गेली," आणि जनूभाऊंनी कडकडून टाळी दिली. गल्लीनंही दिली. पुढे दोन वर्षं त्या भाषणात आई गेली नाही.

"आमच्या घरची चूल बी तात्यासाहेबच पेटवते," असं जनूभाऊंची बायको सुमनताई म्हणायच्या. तिखट बाई. जनूभाऊ गिरणीतून दळण आणायचं विसरले की त्या पदर खोचून विचारत, "काहून जी, आज तात्यासाहेबानं शब्द नाही टाकला का गिरनीवाल्याले?" पण त्यांनीच एकदा मला मूळ गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना जनूभाऊ दुसऱ्या एका दुकानात होते. तिथून एक तांब्याचा हंडा गेला आणि आळ यांच्यावर आला. तेव्हा तात्यासाहेब वकिली करत होते. ते आपणहून कोर्टात उभे राहिले आणि हा मुलगा चोर नाही, असं म्हणाले. हंडा पुढे मालकाच्याच मेव्हण्याकडे सापडला.

"तेव्हापासून हे असे," सुमनताई म्हणाल्या. "एका मानसानं एकदा खरं म्हटलं, तं हा मानूस त्याच्यासाठी जलमभर खोटं बोलून राहिला."

पुढे सत्तरच्या दशकातली एक निवडणूक आली. तात्यासाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. गुडघे गेलेले, मागच्या वेळी पडलेले. पक्षाच्या तिकिटासाठी या खेपेला एक ठेकेदार पुढे होता. त्याच्याकडे दोन जीपगाड्या होत्या, ट्रक होते, आणि जिथे तिथे त्याचे फलक लागले होते. तिकीट त्याचंच, असं पानवालाही सांगत होता. तरी पक्षानं रीत म्हणून दोन निरीक्षक पाठवायचं ठरवलं. ते सरकारी विश्रामगृहात बसणार, माणसांचं म्हणणं ऐकणार आणि मग कोणाला तिकीट द्यायचं ते वर कळवणार.

तात्यासाहेबांनी जनूभाऊंना बोलावून घेतलं. तिथून परतल्यावर ते आमच्याच ओट्यावर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तात्यासाहेब म्हनाले, जनू, या वेळी नाही मिळालं तं माझं संपलं. मी उभा हाय हे लोकायले दिसलं पाह्यजे," ते म्हणाले. "वैनी, तीस वर्षं या मानसानं मले कधीच काही मागितलं नाही. आज मागितलं."

मग गल्लीची तालीम सुरू झाली. आमच्या पुढच्या खोलीत बायका बसल्या आणि जनूभाऊ निरीक्षक झाले.

"तुम्हाले कोन पाह्यजे?"

"तात्यासाहेब!" सगळ्याजणी ओरडल्या.

"काहून?"

सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहायला लागल्या.

"नळ आनला म्हनून!" जनूभाऊ हताश होऊन म्हणाले. "विठाबाई, सांग. नळ कोनं आनला?"

"तू आनला," विठाबाई म्हणाल्या.

"मी नाही वं! तात्यासाहेबानं आनला."

"तू डबा घेऊन बसला होता नं महिनाभर? तुह्या बायकोनं सांगितलं, डब्याले रोज दोन पोया जास्त लागत."

"मले तात्यासाहेबानं बसवलं होतं!"

"असंन बाप्पा," विठाबाई म्हणाल्या. सत्तरी उलटलेल्या त्या बाईचा वाद घालायचा जमाना गेला होता. चार दिवसांच्या तालमीनंतर सगळ्यांना उत्तरं पाठ झाली. निरीक्षकांचा दिवस नेमका संकष्टीचा आला. जनूभाऊंना आनंद झाला. गणपतीचा दिवस, काम फत्ते. तिथेच ते चुकले, पण ते आम्हाला नंतर कळलं.

त्या सकाळी ठेकेदाराचे सहा ट्रक विश्रामगृहासमोर ओळीनं उभे होते. आमच्याकडे ट्रक नव्हते. जनूभाऊंनी इतवारीतले माल वाहायचे बारा हातठेले आणले. त्यांच्यावर सतरंज्या टाकून म्हाताऱ्या बायका बसवल्या. बाकीचे चालत. बँड नव्हता म्हणून दुकानातून उसन्या आणलेल्या पितळी थाळ्या वाजवायच्या होत्या. प्रत्येक थाळी जनूभाऊंनी स्वतः वाजवून निवडलेली. अशी ती वरात निघाली. रस्त्यात आणखी माणसं मिळत गेली. कुणाचा दाखला, कुणाचं कार्ड, कुणाच्या पोरीचा शाळेतला प्रवेश, सगळे आले. विश्रामगृहाच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा ठेकेदाराची भाड्यानं आणलेली माणसं ट्रकमधून उतरून आमच्याकडे पाहायला लागली. त्यांतल्या काहींनी आमच्या थाळ्याही वाजवल्या.

तात्यासाहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. "तात्यासाहेब आगे बढो!" अशा घोषणांनी सगळं आवार दणाणलं. गुडघ्यांमुळे पुढे जाणं त्यांना शक्य नव्हतं, पण त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी काठी उंच केली. जनूभाऊ त्यांच्या मागे उभे. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग निरीक्षकांनी जाहीर केलं, की गर्दी पाहिली, आता एकेकाला आत बोलावून, दार लावून विचारणार. जनूभाऊ म्हणाले, "विचारा जी, शंभरदा विचारा."

विठाबाई आत गेल्या आणि हसत बाहेर आल्या. मागून एकेक जण जात होता, येत होता. जनूभाऊ प्रत्येकाला विचारत, "बरोबर सांगितलं नं?" प्रत्येक जण म्हणे, "जे सांगाचं ते सांगितलं भाऊ." माझी पाळी आली. आत दोघे होते. एक हिंदी बोलणारे आणि दुसरे चष्मेवाले, आमच्याच पश्चिमेकडचे. त्यांचं "बसा ताई" ऐकून मला माहेरी आल्यासारखं झालं.

"कोण हवं तुम्हाला?"

"तात्यासाहेब," मी म्हणाले.

"त्यांनी तुमच्यासाठी काय केलं?"

"माझी बदली रद्द झाली."

"त्यांनी रद्द करवली?"

इथे माझी जीभ अडली. मुलींना रोज खरं बोला म्हणून शिकवणारी मी. डोळ्यांसमोर "कोणती बदली?" विचारणारा तो चेहरा आला. "जनूभाऊंनी," मी म्हणाले. "कोण जनूभाऊ?" त्यांनी विचारलं, आणि मग मला थांबता येईना. नळ सांगितला, दिवा सांगितला, बाक आणि बोट सांगितलं. माझ्या मनात काहीच वाईट नव्हतं. कार्यकर्ता असा, तर त्याचा साहेब केवढा असेल, हे त्यांना आपोआप कळेल, असा माझा शहाणपणा. चष्मेवाले लिहून घेत होते. मीही खूश होऊन बाहेर आले.

दुपारी दार उघडलं. चष्मेवाले कागद घेऊन व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "जनार्दन उमाठे कोण?"

"मी जी!" जनूभाऊ पुढे झाले. त्यांना वाटलं, खुर्च्या उचलायच्या असतील.

"तुमचा अर्ज कुठे आहे?"

"कोन्ता अर्ज?"

"उमेदवारीचा. आम्ही भेटलो त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवात तात्यासाहेबांच्या नावानं केली, पण हवे तुम्हीच आहात सगळ्यांना."

मागे कोणाच्या तरी हातातली थाळी खाली पडली आणि बराच वेळ गरगरत राहिली. तात्यासाहेबांनी मान वळवून जनूभाऊंकडे पाहिलं. ते रागावलेले दिसले नाहीत. ते पहिल्यांदाच कोणाला तरी पाहत असल्यासारखे दिसले. मग काठी टेकत उठले आणि कोणाचा हात न धरता गाडीपर्यंत गेले. जनूभाऊ मागे धावले, पण तोवर गाडी सुटली होती.

परतीच्या वाटेवर जनूभाऊंनी गल्लीची जी खरडपट्टी काढली, ती मी विसरणार नाही. "मी तुमचं काय घोडं मारलं होतं? चार दिवस शिकवलं! काय सांगाचं ते पाठ करून घेतलं! विठाबाई, तू? तू बी?"

"मले उपास होता," ठेल्यावर बसलेल्या विठाबाई शांतपणे म्हणाल्या. "चतुर्थीले खोटं कसं बोलू गा?"

"मंग दुसऱ्या दिवशी बोलली असती का?"

"दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं तं बोलली असती," विठाबाई म्हणाल्या. निम्म्या गल्लीला उपास होता. राहिलेली निम्मी का खरं बोलली, हे कोणी विचारलंच नाही. मग कापडवाला हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगत होते म्हणून आम्ही हो हो म्हणत होतो. तुम्हाले बरं वाटे. तात्यासाहेबाचा तं टेलिफोन बी दोन वर्सापासून बंद आहे."

जनूभाऊ थांबले. "तुम्हाले माहीत होतं?"

"साऱ्यायले माहीत होतं," सुमनताई म्हणाल्या. "तुमच्याच तोंडाकडे पाहून कोनी बोललं नाही."

तीस वर्षं या माणसाला वाटत होतं, की तो गल्लीला फसवतो आहे. आणि गल्ली तीस वर्षं त्याला फसवू देत होती.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांचा निरोप आला, अर्ज भरा. जनूभाऊ विश्रामगृहात जाऊन म्हणाले, "साहेब, चूक झाली." कोणाची, म्हणून त्यांनी विचारलं. "लोकायची," जनूभाऊ म्हणाले आणि नमस्कार करून परत आले. तिकीट ठेकेदाराला मिळालं आणि तो निवडूनही आला. आमच्या गल्लीत तो मतं मागायला आला नाही आणि पुढेही कधी आला नाही.

जनूभाऊंनी सकाळचं बसणं सोडलं. माणसं येत, ओट्यावर बसत, वाट पाहून जात. दुकानातही त्यांचं बोट थंडावलं. गिऱ्हाइकाला म्हणत, "तुम्हीच वाजवा जी." दर रविवारी ते तात्यासाहेबांच्या बंगल्यावर जात, फाटकाशी उभे राहत. साहेब झोपले आहेत, असं नोकर सांगे. मग परत येत. "ज्यानं मले खरा म्हटलं, त्याले मी खोटा निघालो," असं ते एकदा सुमनताईंना म्हणाले.

माझा मला फार राग आला. सगळ्यांच्या खरेपणात माझा वाटा मोठा होता. शेवटी मीच तात्यासाहेबांकडे गेले. म्हटलं, यात जनूभाऊंचा काही दोष नाही. त्यांनी आम्हाला तुमचंच नाव पढवलं होतं. आम्हीच चुकलो.

तात्यासाहेब काठीची मूठ चोळत राहिले. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात. त्याचाच त्रास होतो आहे. तो फाटकाशी येतो ते मी खिडकीतून पाहतो. कोणत्या तोंडानं बाहेर येऊ? मला तो नळ कुठे आहे, हेसुद्धा माहीत नाही."

मी हे जनूभाऊंना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. "तुम्ही मले बरं वाटावं म्हनून सांगून राहिल्या," म्हणाले. गल्लीनं इतकी वर्षं तेच केलं होतं, आता कोणावर आणि कसा विश्वास ठेवणार?

असे पाच-सहा महिने गेले. एका सकाळी मी शाळेला निघाले होते. पाहते तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा थांबली आणि तिच्यातून काठी बाहेर आली. मागून तात्यासाहेब. गल्ली एवढी अरुंद आहे, की रिक्षा आत येत नाही. ते घरांकडे पाहत, विचारत विचारत चालत आले. जनूभाऊंच्या ओट्यावर त्या दिवशीही चार माणसं नुसतीच येऊन बसली होती. तात्यासाहेब त्यांच्या शेवटी, विठाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"तुमचं काय काम हाय?" विठाबाईंनी विचारलं. त्यांना मोतीबिंदू होता.

"बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," तात्यासाहेब म्हणाले. "आज मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे, ती घरी तयार होऊन बसली आहे. तिथे कोणाला भेटावं, कुठे जावं, मला काही कळत नाही."

"मंग बरोबर जागी आले. बसा. तो आता येत नाही ओट्यावर, पन बसा."

आवाज ऐकून जनूभाऊ दारात आले. टोपी नव्हती, अंगात नुसती बंडी. तिथेच थिजले. ते पाया पडायला वाकले, तर तात्यासाहेबांनी त्यांचे खांदे धरले. दोघांनाही खाली-वर होता येईना, तसेच अर्धवट वाकून राहिले.

"जनू," तात्यासाहेब म्हणाले, "आत जा. टोपी घाल. मला येत नाही रे हे. तू चल."

जनूभाऊ आत गेले. ते बाहेर आले तेव्हा पिशवी खांद्याला होती. कोपऱ्यापर्यंत ते तात्यासाहेबांचा दंड धरून चालले आणि रिक्षाशी येऊन, सवयीनं, शेजारी चालत जायला उभे राहिले. तीस वर्षांत ते त्यांच्या शेजारी कधी बसले नव्हते. तात्यासाहेबांनी सरकून जागा केली. "वर बस," म्हणाले. जनूभाऊ बसले, पण बैठकीच्या कडेला, एक पाय बाहेर लोंबता ठेवून.

रिक्षा बाजारातून निघाली. मलाही त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून मी मागेच होते. दुकानं उघडत होती. "नमस्कार जनूभाऊ!" कापडवाला ओरडला. पलीकडून आणखी कोणी, मग हातठेलेवाले, मग भांड्यांची सगळी ओळ. कित्येक महिन्यांनी जनूभाऊंच्या खांद्याला पिशवी पाहून जो तो हात जोडायला लागला. तात्यासाहेब आयुष्यभराच्या सवयीनं दोन्ही बाजूंना हात जोडत होते. चार-पाच नमस्कार परत केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि जनूभाऊंना कोपरानं ढोसलं.

"अरे, तुला करताहेत. घे."

जनूभाऊंनी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांनी हात जोडले, पण बाजाराकडे पाहिलंच नाही. तोंड तात्यासाहेबांकडे होतं.